पाहुण्यांना बोगद्यातून नेऊ नका : मरीन ड्राइव्ह ते बँडस्टँड, समुद्राकाठची घरं बघत

ठाकूरद्वारचा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी मिरजेची आत्या आली होती. वय ७६, गुडघे धरलेले, त्यामुळे फार चालणं नाही. काका गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रवास. काय बघायचंय विचारलं तर म्हणाली, "देवळं तिकडेही आहेत रे. मला ती समुद्राकाठची मोठ्या लोकांची घरं दाखव. गाडीतूनच दाखव."

मी सकाळी सातला डोंबिवलीहून गाडी काढली. मित्राने सांगितलं होतं, मरीन ड्राइव्ह करायचा, तिथून किनारी रस्त्याच्या बोगद्यात शिरायचं, की वरळी आणि सी लिंक धरून थेट वांद्रे. तसंच केलं आणि चुकलो. मरीन ड्राइव्ह संपता संपता गाडी खाली उतरली, पिवळे दिवे लागले, आणि दोन किलोमीटर आम्ही जमिनीच्या पोटातून गेलो. बाहेर आल्यावर डाव्या हाताला कठडा आणि समुद्र, उजव्या हाताला लांबवर इमारतींच्या पाठी. आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "रस्ता छान आहे. पण घरं कुठायत?"

घरं डोक्यावर राहिली होती! तो बोगदा बरोबर मलबार हिलच्या खालून जातो. जी टेकडी दाखवायला मी तिला आणलं, तिच्याच खालून काढून नेलं.

मग हाजी अलीला बाहेर पडून गाडी उलटी फिरवली आणि पेडर रोडने परत दक्षिणेला निघालो. हा धागा त्या उलट्या फेरीसाठी आहे.

पेडर रोडला लागलो तेव्हा आत्याने अँटिलिया विचारलंच. ते खरं तर समुद्राला लागून नाही, आत अल्टामाउंट रोडवर आहे. मजले २७, पण उंची १७३ मीटर, म्हणजे एकेक मजला नेहमीच्या दोन-दोन मजल्यांएवढा. काचेतून मान वर करून तिने बघितलं आणि "बरं" म्हणाली. पुढे जाताना मी सहज बोललो, "आत्या, हे प्रभुकुंज. लतादीदींचं घर."

तिने माझा हात धरला. "थांब."

तिथे थांबता येत नाही, मागून गाड्या येत होत्या. मी डावीकडे घेऊन जमेल तेवढी हळू केली. तिने काच खाली केली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि हात जोडले. काय आहे हो ती इमारत? साधी, जुन्या वळणाची, आजूबाजूला तिच्यापेक्षा कितीतरी उंच टॉवर. पण आत्याचं सासर मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीपाशी. भोपळे वाळत घातलेले, तारा जुळवल्याचा आवाज, यात तिचं आयुष्य गेलं. आणि मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीला होतं, तेव्हा तिच्या लेखी दीदी सांगलीच्याच. "एवढ्या रहदारीत गळा कसा सांभाळला असेल गं बाईनं," एवढंच म्हणाली. केम्प्स कॉर्नर येईपर्यंत काच खालीच होती.

मग टेकडी चढलो. मी गिरगावात वाढलो. दर मे महिन्यात बाबा आम्हाला १०६ नंबरच्या बसने म्हातारीचा बूट दाखवायला न्यायचे. बस चढ चढताना दोन्ही बाजूंना झाडांमागे लपलेले बंगले, दगडी कुंपणं, फाटकावर पितळी पाटी. ते आजही आहेत, कमी झालेत. भाऊसाहेब हिरे मार्गावरचं जीना हाउस १९३६ सालचं, क्लॉड बॅटली या वास्तुविशारदाचं काम. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी आणि जीना यांच्या वाटाघाटी त्याच घरात झाल्या. रस्त्यावरून दिसतं ते कुंपण आणि रान माजलेली झाडं. वर्षा बंगल्याबाहेर पोलिसांची वर्दळ. मेहरांगीर मात्र नाहीच. डॉ. होमी भाभांचं हे घर समुद्राकडे तोंड करून उभं होतं. २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटींना गेलं, २०१६ मध्ये पाडलं. अणुऊर्जेचा पाया घालणारा माणूस ज्या खिडकीतून समुद्र बघायचा ती खिडकी आपण राखली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आत्याला मी ती जागा दाखवली आणि कोण राहायचं ते सांगितलं.

शेवटी वाळकेश्वरला उतरून बाणगंगा. पायऱ्यांशी आत्या बसली. तळ्यात बदकं, कडेला कुणीतरी वाळत घातलेलं धोतर, आणि चारही बाजूंना त्या टॉवरांच्या सावल्या. समुद्र हाकेच्या अंतरावर असून पाणी गोडं.

तर माझं कळकळीचं सांगणं असं: घाईत असाल तर बोगदा उत्तम, मीही वापरतो. पण कुणाला मुंबई *दाखवायला* निघाला असाल तर टेकडीवरून जा. तीन बत्तीच्या चढावर चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा अख्खा बाक दिसतो तिथे गाडी हळू करा. तुम्ही पाहुण्यांना कोणत्या रस्त्याने नेता, काय दाखवता, ते इथे लिहा. मला पुढच्या खेपेसाठी हवंय.

---

कातळशिल्प

आत्यांना नमस्कार सांगा. प्रभुकुंजचा परिच्छेद वाचून डोळे भरले.

---

शिलाहार

सुंदर लिहिलंय. वाळकेश्वरबद्दल थोडी भर घालतो. मूळ नाव वालुकेश्वर, रामाने वाळूचं शिवलिंग केलं अशी कथा. तळं शिलाहार राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पोर्तुगीज अमदानीत जुनं देऊळ गेलं, आताचं १७१५ च्या सुमारास रामा कामत या सारस्वत व्यापाऱ्याने बांधवलं. टेकडीवरच्या सगळ्या बंगल्यांच्या आधी त्या टेकडीवर हे तळं, देवळं आणि मठ होते. त्यामुळे शेवट बाणगंगेला केलात ते योग्यच केलंत, पण माझ्या मते सुरुवात तिथून करावी.

आणि मरीन ड्राइव्हवरून घाईने जाऊ नका. तिथल्या इमारती बहुतेक १९३० आणि ४० च्या दशकांतल्या, समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर उभ्या. गोलाई दिलेले कोपरे, जहाजाच्या डेकसारखे सज्जे, खिडक्यांवर भुवयांसारखी काँक्रीटची पट्टी. ही आर्ट डेको शैली. चर्चगेटकडच्या कोपऱ्यावरचा सूना महल १९३७ चा, त्याच्या माथ्यावरचा मनोरा गाडीतूनही दिसतो. ३० जून २०१८ ला युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, त्यात ओव्हल मैदानापासून मरीन ड्राइव्हपर्यंतचा हा भाग आहे.

पाहुणे हमखास विचारतात, "एवढ्या महागड्या जागी रंग का उडालेला?" दोन कारणं. एक खारी हवा. दुसरं भाडेनियंत्रण. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. पिढ्यान् पिढ्या तेच भाडेकरू, भाडं इतकं कमी की मालक परांचीसुद्धा बांधत नाही. तेव्हा समुद्रासमोर राहणारा प्रत्येक जण गडगंज आहे असं समजू नका. पेन्शनीतले आजी-आजोबाही त्या सज्ज्यांत चहा पीत बसलेले असतात.

---

स्टिअरिंग

मी बावीस वर्षं टॅक्सी चालवतोय, आधी काळी-पिवळी पद्मिनी, आता दुसरी गाडी. अशा फेऱ्या रोज करतो म्हणून काही सांगतो.

रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ हीच वेळ. दहानंतर चौपाटीपासून पुढे मुंगीच्या पावलांनी. अल्टामाउंट रोडवर गाडी थांबवू नका, सुरक्षारक्षक लगेच पुढे काढायला लावतात, आणि ते त्यांचं कामच आहे. हळू चालवलं तर कुणी काही म्हणत नाही. कमला नेहरू पार्कपाशी सकाळी गाडी लावायला जागा मिळते. तिथेच जवळ सिरी रोडला झाडांतून जाणारी लाकडी पायवाट झाली आहे, ३० मार्च २०२५ ला उघडली, जवळपास पाचशे मीटर, पंचवीस रुपये तिकीट, ऑनलाइन काढावं लागतं. उतार फारसा नाही, आत्याबाईंना जमेल.

किनारी रस्त्यावर आणि सी लिंकवर दुचाकी, रिक्षा चालत नाहीत. बरेच जण बाइक घेऊन येतात आणि परत फिरतात. सी लिंकला गाडीला एका वेळचे शंभर रुपये.

पूर्वी लोकांना एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, नीलांबरी बस होती, वर उघडी. तिच्या वरच्या मजल्यावरून कुंपणापलीकडचं दिसायचं. त्या उघड्या बसगाड्या २०२३ मध्ये बंद झाल्या. माझ्या मुलीला मी तिच्या पाचव्या वाढदिवसाला नेलं होतं. तशी बस परत सुरू व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. टॅक्सी सगळ्यांना परवडत नाही, आणि टॅक्सीच्या खिडकीतून आभाळ दिसत नाही.

---

अडगुलंमडगुलं

मला एक कळत नाही. दुसऱ्यांची घरं बघत फिरण्यात काय आहे? त्यांनी पैसे कमावले, घर बांधलं. आपण काचेतून बघून हळहळायचं. त्यापेक्षा मुलांना राणीच्या बागेत न्यावं. रागाने लिहीत नाही, खरंच विचारतोय.

---

मागचा जिना

अडगुलंमडगुलं, तुमचा प्रश्न मला लहानपणी रोज पडायचा, म्हणून उत्तर देते.

माझी आई नेपियन्सी रोडवरच्या एका इमारतीत सतरा वर्षं स्वयंपाक करायची. शाळा सुटली की मी तिथे जायचे. पुढच्या दाराने नाही, मागच्या जिन्याने. सगळ्या जुन्या इमारतींना तो असतो, लोखंडी, गोल फिरत जाणारा, थेट स्वयंपाकघरात उघडणारा. दिवाणखान्यातून समुद्र दिसायचा. तिथे आम्ही कामाशिवाय जात नसू. पण स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालायची एक छोटी गॅलरी होती आणि तिच्या कोपऱ्यातून, दोन पाइपांच्या मधून, वीतभर समुद्र दिसायचा. मी तिथे पाटावर बसून अभ्यास केला. दहावीला ८१ टक्के मिळाले ते त्या वीतभर समुद्रासमोर.

त्या घरांत काय काम असतं ते बाहेरून कळत नाही. हवेत मीठ असतं. दाराच्या पितळी कड्या आठवड्यात काळ्या पडतात, दर शनिवारी ब्रासो लावून घासायच्या. खिडक्यांचे गज दोन पावसाळ्यांत गंजतात. पावसाळ्यात काचांवर खाऱ्या पाण्याचा थर, तो कोरड्या फडक्याने पुसला तर ओरखडे पडतात, आधी गोडं पाणी मारायचं. लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधलं तरी मीठ ओलं होतं. आईच्या बोटांना ब्रासोचा वास असायचा. अजून तो वास आला की मला ती आठवते.

मालकीणबाई चांगल्या होत्या, माझ्या फीचे पैसे दोनदा त्यांनी भरले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण ती इमारत मला परकी वाटत नाही. तिची दारं माझ्या आईने चमकवली. आज मी माझ्या मुलांना गाडीतून तिथे नेते आणि सांगते, ती चौथ्या मजल्यावरची गॅलरी बघा, तिथे तुमची आजी कपडे वाळत घालायची. म्हणून बघायचं.

---

अडगुलंमडगुलं

ताई, हे डोक्यात आलंच नव्हतं. माफ करा. वाचून बराच वेळ बसून राहिलो.

---

ठाकूरद्वारचा

@मागचा जिना, तुमची पोस्ट मी आत्याला फोनवर वाचून दाखवली. तिने विचारलंय, आई आहेत का?

@स्टिअरिंग, वेळेची सूचना लाख मोलाची. आम्ही दहानंतर अडकलोच.

---

मागचा जिना

चार वर्षांपूर्वी गेली. आत्यांना नमस्कार.

---

वरळीची लेक

मी वरळी कोळीवाड्यातली. तुम्ही सगळे सी लिंकवरून जाता तेव्हा टोकावर जुना किल्ला आणि त्याला चिकटून रंगीत घरांची दाटी दिसते ना, ते आमचं गाव. किल्ला इंग्रजांचा, पण कोळीवाडा त्याच्याही आधीचा आहे असं आमचे म्हातारे सांगतात. गोल्फादेवी आमची.

समुद्रकिनाऱ्याची घरं म्हणाल तर आमचीही समुद्रकिनाऱ्यालाच आहेत. घराच्या मागच्या दारातून होडी दिसते. माझे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. किनारी रस्त्याचा पूल आमच्या बंदराच्या तोंडावरूनच जाणार होता आणि दोन खांबांमधलं अंतर ठरवलं होतं ६० मीटर. कागदावर ६० मीटर भरपूर वाटतं. पण वारा फिरला, ओहोटीची ओढ लागली, समोरून दुसरी होडी आली की ती जागा कमी पडते. होडी खांबावर आपटली तर माणूस जातो. आमचे लोक कितीतरी दिवस काम अडवून समुद्रात होड्या लावून बसले होते. बायका किनाऱ्यावर. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब काढून अंतर १२० मीटर करायचं मान्य झालं. आमच्या लोकांनी जास्त मागितलं होतं, पण जे मिळालं ते भांडून मिळालं.

तेव्हा वरळीच्या पुलावरून जाताना एका जागी खांब लांब लांब दिसतील. पाहुण्यांना तेही दाखवा. त्या फटीतून आमचे भाऊ पहाटे बाहेर पडतात.

आणि गाडी आत गावात आणू नका, गल्ल्या अरुंद आहेत. बाहेर लावून चालत या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या ओढून वर घेतलेल्या असतात आणि सगळे जाळी विणत बसलेले असतात. तेव्हा गप्पा मारायला वेळ असतो. नारळी पौर्णिमेला तर याच.

---

शिलाहार

वरळीची लेक, मनापासून आभार. वाटेवरची आणखी एक जागा या गोष्टीला जोडलेली आहे. मुंबई आणि वरळी ही बेटं महालक्ष्मीपाशी जोडायला अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला, तो सारखा वाहून जायचा. आख्यायिका अशी की रामजी शिवजी या पाठारे प्रभू माणसाला दृष्टान्त झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती काढल्या आणि मग बांध टिकला. महालक्ष्मीचं देऊळ त्यातून उभं राहिलं. हाजी अलीकडून जाताना आपण त्याच बांधावरून गाडी चालवतो.

---

लांबची खिडकी

मी अमेरिकेत, ऱ्होड आयलंडला राहते. आमच्याजवळ न्यूपोर्ट म्हणून गाव आहे. रेल्वे आणि कोळशाच्या पैशांतून बांधलेले उन्हाळी महाल समुद्राकाठी रांगेने उभे. व्हँडरबिल्टांचा ब्रेकर्स, १८९५ चा, सत्तर खोल्यांचा. बरेच महाल आता एका संस्थेकडे आहेत, तिकीट काढून आत जाता येतं. पण मला तिथलं खरं आवडतं ते हे की महालांच्या आणि समुद्राच्या मधून साडेपाच किलोमीटरची पायवाट जाते, आणि ती सर्वांची आहे. किनाऱ्यावर जायचा लोकांचा हक्क त्या राज्याच्या घटनेतच लिहिलेला आहे. एवढ्या मोठ्या धनिकांना तो मोडता आला नाही.

धागा वाचताना वाटलं, मलबार हिलच्या पश्चिमेला असा समुद्रापर्यंत जायचा रस्ता किती ठिकाणी आहे? मला आठवतं ते प्रियदर्शिनी पार्क आणि बाणगंगेच्या मागचा भाग.

---

स्टिअरिंग

ताई, प्रियदर्शिनी पार्कपासून हाजी अलीवरून वरळीकडे किनारी रस्त्याला लागून पायी फिरायचा मोठा पट्टा आता झालाय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये उघडला. संध्याकाळी बघा, भायखळ्याची, लालबागची माणसं मुलाबाळांना घेऊन येतात. पूर्वी त्या बाजूला समुद्र फक्त इमारतवाल्यांना दिसायचा. रस्त्याने हे एक चांगलं केलं.

---

पारिजातक७१

बँडस्टँडबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्या घरी पाहुणे आले की मन्नतपाशी फोटो झाल्याशिवाय मुंबई झाली असं कुणी मानत नाही. शाहरुखने तो बंगला २००१ मध्ये घेतला, मूळ नाव व्हिला व्हिएन्ना. वारसा यादीतली वास्तू असल्याने पुढचा जुना भाग तसाच आहे. आम्ही फोटो काढून पुढे टोकाला पोर्तुगीजांच्या किल्ल्यावर बसतो, तिथून सी लिंक समोर दिसतो. कार्टर रोडला राजेश खन्नांचा आशीर्वाद होता, तो २०१६ ला पाडला. माझी आई त्या रस्त्यावरून जाताना अजूनही तिकडे वळून बघते.

---

ठाकूरद्वारचा

सगळ्यांचे आभार. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला बोगद्याचं दुःख होतं. तुमच्या पोस्टी वाचून माझी यादीच बदलली. लांबची खिडकी आणि स्टिअरिंग यांचं वाचून हेही मान्य करतो की ज्या रस्त्यावर मी चिडलो होतो त्याच्याच कडेने लालबागची मुलं समुद्राला लागली, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आत्या नारळी पौर्णिमेला परत येते म्हणतेय. आधी बाणगंगा, शिलाहारांनी सांगितल्याप्रमाणे. मग टेकडी, नेपियन्सी रोड, पेडर रोड. तिथून वरळी, गाडी बाहेर लावून. गल्लीतून चालणं तिला किती जमेल माहीत नाही, घडीची खुर्ची बरोबर घेतोय.

@वरळीची लेक, किती वाजता आलो तर मिरवणूक मिळेल?

---

वरळीची लेक

चारपर्यंत पोचा, नंतर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. खुर्ची नका आणू, आमच्या ओट्यावर बसतील. आणि दादा, नारळ मिरजेहून आणू नका म्हणावं, आमच्याकडे आहेत.